संकल्प सोडणे

मुंबई-गोवा महामार्गावर दरवर्षी भाद्रपदाच्या तोंडावर दोन शब्दांची परीक्षा होते. पहिला शब्द सरकारी असतो: गणपतीच्या आत खड्डे बुजवू. दुसरा परळ, डोंबिवली नाहीतर विरारच्या एखाद्या खोलीतून फोनवर गावी दिलेला असतो: गणपतीला येतो. या महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. त्या वर्षी बालवाडीत असलेली मुलं आता परवाना काढून त्याच रस्त्यावर गाडी चालवण्याच्या वयाची झाली आहेत. मधल्या काळात काम पुरं होण्याच्या किती तारखा जाहीर झाल्या, याचा हिशेब ठेवणं पेण-वडखळच्या लोकांनी कधीच सोडून दिलं. चाकरमानी मात्र येतो. माणगावच्या कोंडीत तासन् तास अडकतो, पाठीचा खुळखुळा करून घेतो, मागच्या सीटवर पोरांना उलट्या होत असतात. पण हरतालिकेच्या रात्रीपर्यंत तो घराच्या ओटीवर बॅगा टाकतो आणि सकाळी माटवीला कवंडळं बांधायला उभा असतो.

रस्ता एक, सण एक, तारीखही एक. त्यातला एक शब्द मोडतो आणि दुसरा पाळला जातो.

यावरून हा चाकरमानी मोठा निग्रही असेल असं मात्र समजू नये. याच माणसाने जानेवारीत जिमचे वर्षाचे पैसे एकदम भरलेले असतात आणि होळीनंतर तिथलं दार पाहिलेलं नसतं. आईच्या मोतीबिंदूची तपासणी ‘या महिन्यात नक्की’ म्हणता म्हणता दोन दिवाळ्या उलटलेल्या असतात. वडिलांना जाऊन पाच वर्षं झाली तरी सातबाऱ्यावर वारसनोंद व्हायची असते. तलाठ्याकडे एकदा जाऊन अर्ज द्यायचा, एवढंच काम. खड्ड्यांतून साडेचारशे किलोमीटर जाणारा माणूस घरापासून दीड किलोमीटरवरच्या दवाखान्यापर्यंत पोचत नाही.

असं का होतं, याचं घरोघरी एकच उत्तर तयार असतं: जिद्द नाही. मराठीत अशा माणसासाठी ‘आरंभशूर’ हा नेमका शब्द आहे आणि तो उच्चारला की पुढची चौकशी थांबते. दोष स्वभावात सापडला, की उपायही स्वभावातच शोधला जातो. मग मनाला बजावायचं, आरशासमोर स्वतःला दटावायचं, एखाद्या प्रेरणादायी वक्त्याचे व्हिडिओ बघायचे आणि जास्त जोरात ठरवायचं. पण जोरात ठरवल्याने किती फरक पडतो, हे मोजलं गेलेलं आहे. टॉमस वेब आणि पास्कल शीरन या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये ४७ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. त्यांना दिसलं, की लोकांचा इरादा बऱ्यापैकी पक्का करता येतो, पण इरादा जेवढा बदलतो त्याच्या मानाने वागणं फारच थोडं बदलतं. ठरवणं आणि करणं यांच्या मधली दरी इच्छा वाढवून बुजत नसेल, तर चाकरमान्याच्या जिमची आणि त्याच्या गणपतीची तुलना इच्छेच्या मापाने करण्यात अर्थ नाही. त्या दोन शब्दांची बांधणीच वेगळी आहे.

आधी जिमच पाहू. अमेरिकेत स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रिके माल्मेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तीन हेल्थ क्लबांच्या ७,७५२ सभासदांच्या नोंदी तपासल्या. त्यांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. महिन्याला ७० डॉलरहून जास्त फी भरणारे हे सभासद महिन्यातून सरासरी ४.३ वेळा क्लबात जात होते. म्हणजे एका खेपेला १७ डॉलरहून जास्त पडत होते. त्याच क्लबात दहा खेपांचा पास घेतला असता तर दर खेपेला दहाच डॉलर पडले असते. ही माणसं हिशेबात कच्ची नव्हती. फी भरताना त्यांनी हिशेब केला होता, पण तो एका वेगळ्याच माणसाचा. पहाटे पाचला उठणारा, पाऊस असला तरी निघणारा, ऑफिसात उशीर झाला तरी न दमणारा असा तो माणूस ‘पुढच्या महिन्यात’ राहतो.

माणूस शब्द देतो आज आणि तो पाळायचा असतो उद्याच्या माणसाने. त्या उद्याच्या माणसाला कुणी विचारलेलंच नसतं. त्याच्या नावावर परस्पर कर्ज काढावं तसा हा प्रकार. त्याच्याकडे वेळ भरपूर असेल, तो तंदुरुस्त असेल, त्याच्या घरी पाहुणे येणार नाहीत आणि मुलाला ताप चढणार नाही, हे सगळं आजच्या माणसाने गृहीत धरलेलं असतं. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी यांनी या खोडीचा उलटा उपयोग करून घेतला. निवृत्तीसाठी बचत करा असं सांगून न ऐकणाऱ्या एका अमेरिकन कारखान्यातल्या कामगारांना त्यांनी सुचवलं, की आजच्या पगारातून काहीच कापू नका, पुढची पगारवाढ मिळेल तेव्हा त्यातला काही वाटा बचतीत वळवायला आत्ताच सही करून ठेवा. उद्याच्या माणसाच्या खिशातून द्यायला कुणाची ना नव्हती. ज्यांना ही योजना देऊ केली त्यांतले ७८ टक्के तयार झाले, त्यांतले ८० टक्के चौथ्या पगारवाढीपर्यंत टिकले आणि ४० महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या साडेतीन टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. कामगारांचे स्वभाव होते तेच राहिले. सही कधी घ्यायची आणि पैसे कधी कापायचे, एवढंच बदललं.

उद्याच्या माणसाबद्दलची ही भाबडी समजूत सगळ्यात स्वच्छ दिसते ती शिंप्याच्या दुकानात. लग्नसराईचे दिवस. मागच्या फळीवर कापडांच्या पुरचुंड्या एकावर एक रचलेल्या, प्रत्येकीला मापाचा कागद टाचलेला. बाई काठापदराच्या साडीतला ब्लाऊजपीस पुढे ठेवते. मास्टर कापड बोटांत धरून बघतो, अस्तर लागेल म्हणतो, गळ्याची खोली विचारतो, पाठीला नाडी आणि लटकन लिहून घेतो. “कधी मिळेल?” “गुरुवारी घेऊन जा.” हा गुरुवार खोटा नसतो. एक ब्लाऊज बेतायला आणि शिवायला किती वेळ लागतो हे त्याला वीस वर्षांच्या सवयीने ठाऊक आहे, आणि त्या हिशेबाने गुरुवार म्हणजे चिकार झाला. फक्त त्या हिशेबात त्याच गुरुवारचा शब्द दिलेले आधीचे चौदा ब्लाऊज नसतात. दोन तास जाणारी वीज नसते, लग्नासाठी गावी गेलेला कारागीर नसतो आणि हुक-काजाला बाहेर दिलेली, परत न आलेली पिशवीही नसते. गुरुवारी बाई येते तेव्हा ब्लाऊजचं नुसतं कटिंग झालेलं असतं. ती दुकानात ठिय्या देते, मग तिचा ब्लाऊज मशिनवर चढतो आणि ज्या बाईने फोनवर विचारून ‘बरं’ म्हटलं तिचा रविवारवर जातो.

या चुकीला डॅनियल कानमन आणि आमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये नाव दिलं. मराठीत तिला नियोजनाचा भ्रम म्हणता येईल. कानमन यांनी स्वतःचीच फजिती पुढे सविस्तर लिहिली आहे. इस्राएलमध्ये निर्णयशास्त्रावर शाळेसाठी एक पाठ्यपुस्तक करायला त्यांनी मंडळी जमवली होती. किती वेळ लागेल असं विचारल्यावर सगळ्यांचे अंदाज दोन वर्षांच्या आसपास आले. मग त्यांनी गटातल्या सीमोर फॉक्स या अभ्यासक्रमतज्ज्ञाला विचारलं, की अशा इतर गटांना किती वेळ लागला? फॉक्स यांनी आठवून सांगितलं, की सुमारे ४० टक्के गटांचं काम पुरंच झालं नाही आणि ज्यांचं झालं त्यांना सात ते दहा वर्षं लागली. स्वतःचा दोन वर्षांचा अंदाज देतानाही ही माहिती फॉक्स यांच्या डोक्यात होतीच. दोन्ही गोष्टी एकमेकींना भेटल्या नव्हत्या इतकंच. मंडळींनी ती ऐकली, थोडा वेळ चर्चा केली आणि काम तसंच चालू ठेवलं. पुस्तक आठ वर्षांनी झालं, आणि तोपर्यंत ज्या मंत्रालयाला ते हवं होतं त्याचा उत्साह ओसरला होता. कॅनडात १९९४ मध्ये झालेल्या एका अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना अंदाज विचारला गेला. त्यांनी सरासरी ३४ दिवस सांगितले, लागले ५५. सगळंच बिनसलं तर किती लागतील, असंही विचारलं होतं. त्याचं उत्तर होतं ४९. अडचणी मोजायला बसलेला माणूससुद्धा प्रत्यक्षातल्या अडचणींच्या मागेच राहिला.

शिंप्याच्या गुरुवारात आणखी एक गोष्ट मिसळलेली असते: त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. ‘नाही’ म्हटलं तर गिऱ्हाईक आत्ता समोरून जातं. ‘गुरुवारी’ म्हटलं तर भांडण गुरुवारपर्यंत पुढे ढकललं जातं. महाराष्ट्रातल्या रोजच्या बोलण्यात या पुढे ढकलण्याचा एक सबंध शब्दकोशच आहे. ‘बघू’, ‘बघतो की’, ‘होऊन जाईल’, ‘करून टाकू’, ‘आलोच’, ‘तुमचं काम ते आपलं काम’. यातला ‘बघू’ बहुतेक वेळा नकार असतो आणि ऐकणाऱ्यालाही ते कळतं. पण ‘होऊन जाईल’ मध्ये कर्ताच नाही. काम आपोआप होणार आहे. कोण, कधी, कुठे करणार याचा पत्ता वाक्यात नाही. समोरच्याचं मन राखायला ही भाषा फार उपयोगी पडते, पण तिच्यात दिलेल्या शब्दाला धरायला मूठच नसते.

आणि याच भाषेच्या घरात, देवघराशेजारी, नेमकी उलटी रीत आहे.

गणपतीच्या सकाळी गुरुजी येतात. पूजेच्या सुरुवातीला यजमानाच्या हातात पाणी, अक्षता, फूल देऊन संकल्प सांगतात. त्यात आधी जागा येते: द्वीप, वर्ष, गोदावरीचा कुठला काठ. मग काळ येतो: शालिवाहन शक, संवत्सराचं नाव, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. त्यानंतर यजमानाचं गोत्र आणि नाव, आणि शेवटी तो नेमकं काय करणार आहे ते. हे सगळं झाल्यावर हातातलं पाणी ताम्हणात सोडायचं. याला संकल्प सोडणे म्हणतात. भाषेची गंमत अशी, की ‘एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणे’ म्हणजे तिची आशा टाकणे, कारण दान देतानाही उदक सोडूनच वस्तूवरचा हक्क सोडला जाई. त्यामुळे ‘संकल्प सोडला’ हे वाक्य भटजी म्हणाले तर काम सुरू झालेलं असतं आणि जिमचा सभासद म्हणाला तर संपलेलं असतं.

१ जानेवारीच्या संकल्पाला ना तिथी असते ना काठ. ‘या वर्षी तब्येतीकडे लक्ष द्यायचं.’ कुठे, किती वाजता, कशानंतर हे काहीच ठरलेलं नसतं. पेटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात या उणिवेवर काम सुरू केलं. ब्रिटनमध्ये २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या बाबतीत बोलका आहे. विद्यार्थ्यांनी आठवड्यातून निदान एकदा वीस मिनिटं घाम येईल असा व्यायाम करायचा होता. एका गटाला काहीच सांगितलं नाही. त्यातल्या ३८ टक्क्यांनी व्यायाम केला. दुसऱ्या गटाला हृदयविकाराची माहिती वाचायला देऊन व्यायामाचं महत्त्व पटवलं. त्यांना ते पटलंही, पण व्यायाम केला ३५ टक्क्यांनी. तिसऱ्या गटाकडून माहितीच्या जोडीला एक ओळ लिहून घेतली: कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठे करणार. त्या गटातल्या ९१ टक्क्यांनी केला. प्रेरणेच्या व्याख्यानापेक्षा तिथी-वारच जास्त उपयोगी पडले. यावरून पूर्वजांना सगळं ठाऊक होतं अशी आरोळी ठोकायचं कारण नाही. संकल्पातलं देशकालाचं उच्चारण वेगळ्या श्रद्धेतून आलं आणि बहुतेक यजमानांना त्यातलं एक अक्षर कळत नाही. पण त्याचा साचा बघण्यासारखा आहे. त्यात ‘कोण, कुठे, कधी, काय’ यातलं काही सुटलं तर गुरुजी पाणी सोडू देत नाहीत.

पण तिथी-वाराने चाकरमानी पुरता उलगडत नाही. दवाखान्याचीही तारीख घेता येते, आणि ती बुडवताही येते. गणपतीची बुडवता येत नाही, कारण तिथे कुणीतरी वाट बघत असतं. मूर्तीचा पाट गणेशशाळेत देऊन ठेवलेला असतो. भजनाची बारी कुठल्या घरी कुठल्या रात्री, हे वाडीत ठरलेलं असतं. मृदंगावर त्याचाच हात लागतो. तो आला नाही तर नुसता तो गैरहजर राहत नाही. काकाची आरती अडते, चुलत्याला एकट्याने मूर्ती उचलावी लागते.

हीच गोष्ट भिशीत दिसते. दहा बायका, महिन्याला प्रत्येकी दोन हजार, चिठ्ठी निघेल तिला वीस हजार. व्याज नाही, पावती नाही, करारनामा नाही. यातल्याच एखादीला घरी डब्यात महिन्याला दोन हजार बाजूला टाकायला सांगितले तर तिसऱ्या महिन्यात डबा उघडला जातो: सिलिंडर आला, शाळेची सहल निघाली, नणंद माहेरपणाला आली. भिशीचे दोन हजार मात्र पाच तारखेला पोचतात. डबा कुणाची वाट बघत नाही, पण ज्या बाईची चिठ्ठी निघाली आहे ती बघत असते. फिलिपिन्समधल्या एका बँकेने ग्राहकांना ठरलेल्या तारखेआधी किंवा ठरलेल्या रकमेआधी हातच लावता येणार नाही असं खातं देऊ केलं. नवा आश्राफ, डीन कार्लन आणि वेस्ली यिन यांनी २००६ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. ज्यांना हे खातं देऊ केलं गेलं त्यांची बचत, न देऊ केलेल्यांच्या तुलनेत, वर्षभरात ८१ टक्क्यांनी जास्त वाढली. तिथे कुलूप बँकेचं होतं. भिशीत ते काम नऊ मैत्रिणी करतात.

वाट बघणारा आणि टाळ्या वाजवणारा यांत मात्र गफलत करू नये. नव्या वर्षाच्या पहिल्या रात्री स्टेटसला बुटांचा फोटो टाकून ‘२१ किलोमीटरची तयारी सुरू’ असं लिहिलं की शंभर अंगठे येतात. ते शंभर जण सकाळी साडेपाचला मैदानावर नसतात. गोल्विट्झर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये कायद्याच्या विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांत असं आढळलं, की ज्यांचा इरादा दुसऱ्याने वाचून त्याची दखल घेतली, त्यांनी पुढे त्या कामाला कमीच वेळ दिला. जे व्हायचं आहे ते झाल्याचं थोडं समाधान दखलीतूनच मिळून जातं. शंभर अंगठ्यांपेक्षा कोपऱ्यावर उभा असलेला एक शेजारी भारी पडतो, कारण आपण गेलो नाही तर त्याला एकट्याने चालावं लागतं.

इथपर्यंत सगळं सोपं वाटतं: तारीख घाला, माणूस जोडा, कुलूप लावा. पण माणसाला बांधून घेणं आवडत नाही. फिलिपिन्समध्येच सिगारेट सोडू इच्छिणाऱ्यांपुढे एक योजना ठेवली गेली: सहा महिने पैसे साठवा, मग लघवीची तपासणी होईल, निकोटिन सापडलं तर पैसे गेले. ज्यांना विचारलं त्यांतल्या ११ टक्क्यांनीच सही केली. त्याहून महत्त्वाचं असं, की वाट बघणाऱ्यांची ताकद चांगल्या-वाईटाचा भेद करत नाही. भिशी चालवणारा पैसे घेऊन पसार होतो तेव्हा बायकांची शब्दाची सवयच त्यांना बुडवते. गटाच्या हमीवर दिलेल्या सूक्ष्मकर्जात एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या दारात येतात. आंध्र प्रदेशात २०१० मध्ये वसुलीच्या जाचावरून आणि आत्महत्यांवरून एवढा गदारोळ झाला, की राज्य सरकारला ऑक्टोबरमध्ये अध्यादेश काढावा लागला. पोरीच्या लग्नात पाचशे पानं उठवण्याचा शब्द कर्ज काढून पाळला जातो आणि त्याच घरातली रक्तदाबाची गोळी महिनाअखेरीला चुकते. म्हणजे पाळला जाणारा शब्द हा बहुतेकदा ज्याच्यामागे लोक उभे आहेत तो असतो. तो सगळ्यात शहाणपणाचा असेलच असं नाही.

यातूनच एक नावडता प्रश्न निघतो: कुणाच्या शब्दामागे कुणी उभं नसतं? केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्या बिनपगारी कामात जातात असं आढळलं; पुरुषांपैकी जे ते करतात त्यांचे जातात ९७. ‘सकाळी चालायला जायचं’ असं ठरवून तिसऱ्या दिवशी सोडून देणाऱ्या बाईला आरंभशूर म्हणण्याआधी तिची सकाळ मोजायला हवी. सहाला दूध, साडेसहाला डबे, सातला व्हॅन, सव्वासातला सासऱ्यांचा चहा. यातल्या प्रत्येक गोष्टीमागे कुणीतरी वाट बघत आहे आणि ती प्रत्येक गोष्ट घड्याळाच्या काट्याला होते. शब्द पाळण्यात तिच्या घरात तिच्या तोडीचं कुणी नसेल. स्वतःला दिलेला शब्द तेवढा मोडतो, कारण तो मोडल्याचं कुणालाच कळत नाही.

राजस्थानात उदयपूरजवळच्या गावांत मुलांचं लसीकरण पूर्ण का होत नाही, हे अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी ‘सेवा मंदिर’ या संस्थेबरोबर तपासलं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे असे: जिथे काहीच नवं केलं नाही तिथे ६ टक्के मुलांना सगळ्या लसी मिळाल्या. ठरलेल्या दिवशी खात्रीने शिबिर भरू लागलं तिथे १८ टक्के. शिबिराबरोबर प्रत्येक लसीला एक किलो डाळ आणि शेवटी थाळ्या मिळू लागल्या तिथे ३९ टक्के. लसीला विरोध हेच खरं कारण असतं तर किलोभर डाळीने आकडा दुपटीवर गेला नसता. बहुतेक आईबाप लस ‘टोचून घेऊच’ म्हणत होते. उद्या टोचली तरी चालेल आणि आज मजुरी बुडेल, या दोन गोष्टींमध्ये रोज आजची जिंकत होती. आणि त्याआधी, नर्स येईल की नाही याचीच खात्री नव्हती. ज्याच्याकडून शब्द पाळायची अपेक्षा आहे, त्याला दिलेला शब्द आधी पाळला गेला का, हा प्रश्न ‘लोकांनाच शिस्त नाही’ म्हणणारे क्वचित विचारतात.

इथे एक आक्षेप रास्त आहे. सगळंच बांधणीवर ढकललं तर माणसाची जबाबदारी कुठे राहिली? उद्या प्रत्येक शिंपी ‘नियोजनाचा भ्रम’ म्हणून हात वर करेल. पण जबाबदारी नाहीशी होत नाही. ती आधीच्या क्षणावर सरकते. गुरुवारी रात्री मशिनवर बसलेल्या शिंप्याच्या हातात फारसं काही उरलेलं नसतं. तो जागून जागून किती जागणार? त्याच्या हातात सगळं होतं ते सोमवारी, कापड समोर आलं तेव्हा. वही उघडून गुरुवारच्या पानावर किती नावं आहेत हे बघणं त्याला शक्य होतं. निग्रह लागतो तो त्या मिनिटभरात, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघून ‘पुढच्या बुधवारच्या आत नाही होणार’ म्हणायला. हंगामात नवी कापडं घेणं बंद केल्याची पाटी लावणारे शिंपी गावोगाव असतात. त्यांच्या दारावरून बायका चरफडत परत जातात आणि पुढच्या वर्षी महिनाभर आधी येतात.

हीच कसोटी महामार्गाला लावली तर त्या खड्ड्यांचं कोडं फारसं गूढ राहत नाही. वाट बघणारे तिथेही आहेत, लाखांनी आहेत. पण शब्द देणारा एक, निविदा काढणारा दुसरा, डांबर टाकणारा तिसरा, आणि तारीख उलटते तेव्हा यातला कुठला तरी बदललेला असतो. ‘गणपतीच्या आत’ या शब्दांत तिथी आहे, पण नाव आणि गोत्र नाही. ते घालण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात झाले आहेत. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांपुढे मुदत लिहिली, ती पाळणारा पदनिर्देशित अधिकारी ठरवला, अपिलाच्या पायऱ्या बांधल्या आणि कसूर झाल्यास त्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद केली. २०१७ च्या मे महिन्यापासून महारेरात नोंदणी करताना बिल्डरला ताब्याची तारीख स्वतः लिहून द्यावी लागते आणि ती हुकली तर ग्राहकाला व्याज मागता येतं. दाखले अजून अडतात, इमारती अजून रखडतात. तरी ‘होऊन जाईल’ या वाक्याला कर्ता मिळाला, आणि तक्रार नेमकी कुणाच्या टेबलावर ठेवायची हे सामान्य माणसाला कळू लागलं. रस्त्याच्या बाबतीत ते टेबल अजून सापडायचं आहे.

दीड दिवसाचा असो की अकरा दिवसांचा, गणपती शेवटी व्हाळावर जातो. पाटावरून मूर्ती पाण्यात उतरते आणि सगळी वाडी घसा फोडून सांगते: पुढच्या वर्षी लवकर या. देवाकडून दरवर्षी मागितलेला हा शब्द आहे आणि तो तिसऱ्या वर्षाच्या आसपास मोडतोच, कारण मध्ये अधिक महिना येतो. २०२५ मध्ये गणपती २७ ऑगस्टला आले. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे त्यांची तारीख १४ सप्टेंबर. लवकर या म्हटलं तर अठरा दिवस उशीर. त्याबद्दल कुणी देवावर रुसत नाही, कारण तो उशीर वर्षभर आधीच पंचांगात छापून आलेला असतो. विसर्जन करून ओल्या पायांनी घरी आलेला म्हातारा नवं पंचांग चाळतो आणि ओटीवरून ओरडून सांगतो, “फुडच्या वर्सा अधिक आसा रे, गणपती सप्टेंबरात!” आत बॅग भरणारा मुलगा बोटांवर मोजायला लागतो. पूर्वी रेल्वेचं आरक्षण चार महिने आधी उघडायचं, २०२४ च्या नोव्हेंबरपासून ते दोनच महिने आधी उघडतं. म्हणजे जुलैचा मध्य, सकाळचे आठ. तो फोन काढतो, गजर लावतो आणि बायकोलाही तिच्या फोनवर लावायला सांगतो.